फी भरण्याआधी उगवण तपासा

मे महिना संपत आला की भोकरदन तालुक्यातला जागरूक शेतकरी घरात एक छोटी परीक्षा घेतो. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत सोयाबीनचे शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा टाकायचा आणि गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज थोडं पाणी शिंपडायचं. आठवडाभरानं गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर बियाणं पेरायला योग्य. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं, नाहीतर बियाणंच बदलायचं. पिशवीवरचं चित्र कितीही हिरवंगार असलं तरी मोजणी गोणपाटावरच होते.

त्याच आठवड्यात त्याच घरात दुसराही एक हिशेब चाललेला असतो. हसनाबादसारख्या मोठ्या गावातून आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून इंग्लिश स्कूलच्या पिवळ्या गाड्या धावतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. तेव्हाच पाऊस येतो आणि तेव्हाच बियाणं, खत, मजुरी अशी सगळी देणी एकदम उभी राहतात. फीचा पहिला हप्ताही त्याच वेळी भरायचा असतो. हातात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या सुमाराला. मधल्या पाच-सहा महिन्यांसाठी कुणी पीककर्जातून फी काढतं, कुणी आडत्याकडून उचल घेतं, कुणी बायकोची पोत गहाण ठेवतं.

मला या लेखात एकाच प्रश्नाचा नीट शोध घ्यायचा आहे. एवढी ओढाताण करून भरलेल्या फीतून मुलाच्या पदरात नेमकं काय पडतं? आणि बियाण्याची उगवण मोजणारा बाप शाळेची उगवण कशी मोजेल?

आधी ‘खाजगी’ म्हणजे काय ते पाहू

आपल्याकडे ‘खाजगी शाळा’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि त्यातून बराच गोंधळ होतो.

पहिली शाळा अनुदानित. संस्था खाजगी असते, पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, त्यामुळे फी नाममात्र असते. महाराष्ट्रातली बरीचशी माध्यमिक शिक्षणव्यवस्था अशाच संस्थांनी उभी केली आहे. हैदराबाद संस्थानात असताना मराठवाड्यात शाळा फार थोड्या होत्या आणि राजभाषा उर्दू होती. त्या काळात औरंगाबादला १९१५ मध्ये सरस्वती भुवन सुरू झालं, हिप्परग्याला स्वामी रामानंद तीर्थांनी राष्ट्रीय शाळेत मुलं घडवली. या शाळा खाजगी होत्या, पण लोकवर्गणीवर आणि त्यागावर चालणाऱ्या होत्या. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावची प्राथमिक शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. आज पन्नाशी ओलांडलेली आपल्या भागातली बहुतेक शिकलेली माणसं याच शाळांतून पुढे गेली आहेत.

दुसरी शाळा स्वयंअर्थसहाय्यित. महाराष्ट्रात २०१२ च्या कायद्यानं अशा शाळांना रीतसर वाट करून दिली. सरकारचं अनुदान नाही. इमारत, पगार, गाडी, सगळं फीमधून. पिवळ्या गाडीतून मूल जातं ते बहुधा या शाळेत. ओढाताणीचा प्रश्न आहे तो याच शाळेपुरता. अनुदानित हायस्कूलात मूल घातलं तर बापाला कर्ज काढावं लागत नाही.

फी किती, आणि ती शेतीच्या मापानं किती

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०२५ मध्ये देशभरातल्या कुटुंबांना शाळेच्या खर्चाबद्दल विचारलं. सरकारी शाळेतल्या मुलावर वर्षाला सरासरी २,८६३ रुपये खर्च होतात, तर सरकारीखेरीज इतर शाळांतल्या मुलावर २५,००२ रुपये, असं त्यातून निघालं. म्हणजे जवळपास नऊपट. ही देशाची सरासरी आहे; शहरांमुळे ती वर जाते आणि खेड्यातला आकडा तिच्यापेक्षा कमी भरतो. म्हणून आपण उदाहरणापुरते फी, गाडी, गणवेश, पुस्तकं सगळं धरून मुलामागे वर्षाला २० हजार रुपये धरू. मुलं दोन, म्हणजे ४० हजार.

आता हे मोंढ्याच्या भाषेत मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानं ४० हजार रुपये म्हणजे साडेसात क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू जमिनीत बऱ्या वर्षी एका एकरात साधारण एवढंच निघतं. म्हणजे दोन मुलांच्या फीसाठी एक अख्खा एकर पेरायचा, निंदायचा, फवारायचा, काढायचा आणि त्यातला दाणाही घरात आणायचा नाही. शिवाय हा हिशेब हमीभावाचा आहे. मोंढ्यात त्याच्या खाली माल द्यावा लागतो हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. बियाणं-खताचा खर्चही यातून अजून वजा केलेला नाही.

२०१८-१९ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ११,४९२ रुपये भरलं होतं. त्यात शेती, मजुरी, जनावरं, छोटा धंदा असं सगळं आलं. वर्षाचे १ लाख ३८ हजार. नंतर ते काही वाढलं असेल असं धरलं तरी त्यातून ४० हजार बाजूला काढणं म्हणजे घराच्या प्रत्येक चार रुपयांतला एक रुपया काढणं.

फी उसनवारीची असेल तर ती आणखी महाग पडते. गावात शेकडा तीन रुपये महिना हा काही न ऐकलेला दर नाही. जूनमध्ये घेतलेले २० हजार डिसेंबरमध्ये फेडले तर व्याज ३,६०० रुपये. म्हणजे शाळेच्या पावतीवर २० हजार लिहिलेले असतात, पण घरातून २३,६०० गेलेले असतात.

आणि फी जागच्या जागी थांबत नाही. वर्षाला दहा टक्के वाढ धरली तर पहिलीतले २० हजार आठवीत ३९ हजारांच्या आसपास जातात. सोयाबीनचा भाव असा दरवर्षी दहा टक्क्यांनी चढत नाही. त्यामुळे पहिलीत झेपलेली फी सातवी-आठवीत जड होते. मूल मधूनच काढावं लागतं ते बहुधा याच टप्प्यावर, आणि इंग्रजी माध्यमातून मराठी माध्यमात परत येताना त्याला सगळे विषय पुन्हा नव्या शब्दांत शिकावे लागतात. प्रवेश घेताना पहिलीची फी परवडते का हे न बघता दहावीपर्यंतची परवडेल का हे बघायला हवं, ते यासाठी.

आई-बाप जे पाहतात ते खरं असतं

इथे आई-बापांना नावं ठेवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. ‘देखावा’ म्हणून कुणी पोत गहाण ठेवत नाही.

त्यांना दिसतं ते असं. गाडी ठरल्या वेळेला दारात येते. वर्गावर बाई किंवा सर असतात. वर्ग छोटा असतो. मूल बूट घालून, केस विंचरून जातं. घरी येऊन इंग्रजीत दोन ओळी म्हणतं. काही बिनसलं तर फोन केल्यावर शाळेत कुणीतरी उचलतं, कारण तुम्ही पैसे देता. दुसरीकडे झेडपीच्या शाळेत पाच वर्गांना दोन शिक्षक आहेत, त्यातले एक मतदार यादीच्या कामावर गेले आहेत, दुसरे ऑनलाइन माहिती भरत बसले आहेत, असंही चित्र त्यांनी पाहिलेलं असतं. ज्या बापाचं स्वतःचं शिक्षण इंग्रजी आणि गणितात अडलं, त्याला आपल्या मुलाचं तसं होऊ द्यायचं नसतं. ही तळमळ खरी आहे आणि तिचा मान ठेवूनच पुढचं बोललं पाहिजे.

तेव्हा शाळा चांगली दिसते का, एवढ्यावर थांबून चालणार नाही. तिथे मूल जास्त शिकतं का, हे पाहिलं पाहिजे.

शिकणं मोजलं तेव्हा काय दिसलं

मुंबईत १९९५ मध्ये माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. ‘प्रथम’च्या पुढाकारानं २००५ पासून देशातल्या ग्रामीण जिल्ह्यांत ‘असर’ नावाची पाहणी होते. स्वयंसेवक घरी जातात, मुलाला दुसरीच्या पातळीचा छोटा उतारा वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार करायला सांगतात. २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. खाजगी शाळांतल्या ५९.३ टक्के मुलांना.

पहिल्या नजरेत खाजगी शाळा जिंकली असं वाटतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, फी भरणाऱ्या शाळांतलीसुद्धा दहातली चार मुलं पाचवीत गेल्यावर दुसरीचं वाचू शकत नाहीत. दोन, ही दोन्हीकडची मुलं सारखी नाहीत. खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलाची आई बहुधा जास्त शिकलेली असते, घरात पैसा थोडा बरा असतो, शिकवणी लावलेली असते. काळ्या कसदार रानातलं पीक आणि मुरमाड माळावरचं पीक शेजारी ठेवून बियाण्याची तुलना करता येत नाही. तुलना करायची तर एकाच रानात दोन्ही बियाणी पेरावी लागतात.

असा प्रयोग खरोखर झाला आहे, आणि आपल्याला लागून असलेल्या राज्यात. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी २००८ पासून चार वर्षं तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या पाच जिल्ह्यांत, १८० गावांत तो केला. सरकारी शाळांतल्या ज्या मुलांच्या पालकांना खाजगी शाळा हवी होती त्यांनी अर्ज केले. मग सोडत काढली. ज्यांचा नंबर लागला त्यांची खाजगी शाळेची फी प्रकल्पानं भरली; बाकीची मुलं सरकारी शाळेत राहिली. निवड केवळ चिठ्ठीनं झाल्यामुळे दोन्ही गट सारखे होते. म्हणजे रान एक, बियाणी दोन.

चार वर्षांनी मोजणी केली. मातृभाषा तेलुगूत फरक नाही. गणितात फरक नाही. इंग्रजीत, विज्ञानात, समाजशास्त्रातही म्हणण्यासारखा फरक नाही. फक्त हिंदीत खाजगी शाळेतली मुलं पुढे होती, आणि त्याचं कारण साधं होतं: सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी जवळजवळ शिकवतच नव्हते.

हा निकाल खाजगी शाळांना कमी लेखणारा नाही. त्याच अभ्यासात त्यांचे खरे गुणही दिसले. तिथे शिक्षकांची हजेरी चांगली होती, वर्ग छोटे होते, शाळेचे तास जास्त होते, स्वच्छता बरी होती. तेलुगू-गणिताला कमी वेळ देऊन त्या सरकारी शाळेइतकंच शिकवत होत्या आणि वाचलेला वेळ इतर विषयांना देत होत्या. त्यांचा मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, कारण त्यांच्या शिक्षकांचा पगार सरकारी शिक्षकाच्या पगाराचा अगदी छोटा अंश होता. सरकारच्या तिजोरीच्या दृष्टीनं ही काटकसर मोठी आहे. पण हसनाबादच्या बापाला तिजोरीच्या बाजूनं बघून उपयोग नाही. त्याच्यासाठी सरकारी शाळा फुकट आहे आणि खाजगी शाळा २० हजारांची. गणित-भाषा दोन्हीकडे सारखीच येणार असेल तर त्या २० हजारांतून त्यानं नेमकं काय घेतलं, हे त्यानं स्वतःला विचारायला हवं. नीटनेटकेपणा, वेळ पाळणं, जवळचं लक्ष, गाडी, हे तो नक्की घेतो. जास्तीचं शिक्षण घेतो याची खात्री मात्र नाही.

इंग्रजीचं काय

फी भरण्यामागचं सगळ्यात मोठं कारण इंग्रजी. ते हवंच, त्याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो इंग्रजी शिकणं आणि इंग्रजीतून शिकणं यांत.

सहा वर्षांचं मूल घरात, रानात, बाजारात मराठी बोलतं. त्याला ‘वजाबाकी’ म्हणजे काय हे कळतं, कारण पाच बोरांतली दोन खाल्ली की तीन उरतात हे त्यानं पाहिलेलं असतं. तेच ‘सबट्रॅक्शन’ म्हणून फळ्यावर आलं की मूल आधी शब्दाशी झगडतं आणि मग गणिताशी. पुष्कळदा ते झगडत नाहीच, फळ्यावरचं उतरवून घेतं. वही सुंदर दिसते. आईला वहीतलं वाचता येत नाही, त्यामुळे मूल शिकतंय की नुसतं उतरवतंय हे तिला कळत नाही. सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. मराठी माध्यमात चौथी शिकलेली आईसुद्धा मुलाला जवळ बसवून वाचायला लावू शकते. इंग्रजी माध्यमानं घरातली ही पहिली शिक्षिका बाहेर जाते. मग शिकवणी लागते. २०२५ च्या त्याच सर्वेक्षणात देशातल्या २७ टक्के मुलांना शिकवणी असल्याचं दिसलं. खेड्यांतही चारातल्या एका मुलाला. फीच्या हिशेबात हा आकडा बहुतेक जण धरत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, त्यामागे हेच कारण आहे. एकदा एका भाषेत वाचायला आलं की वाचण्याचं कौशल्य दुसऱ्या भाषेत नेता येतं; एकाही भाषेत पक्कं झालं नाही तर न्यायला काही उरत नाही. महाराष्ट्रात याला एक मधली वाट आहे, सेमी-इंग्रजीची. भाषा, इतिहास, भूगोल मराठीत, गणित-विज्ञान इंग्रजीत. अनेक झेडपी आणि अनुदानित शाळांत ती आहे. पाचवी-सहावीपर्यंत मराठी पक्की आणि पुढे सेमी, हा मार्ग फुकट आहे आणि अकरावी विज्ञानाला लागणारी इंग्रजी संज्ञांची सवयही त्यातून होते.

झेडपीत राहिल्यानं उघडी राहणारी दारं

काही संधी अशा आहेत की शाळा बदलताना त्या हातून सुटतात आणि घरी पत्ताही लागत नाही.

आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, घ्या. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल पात्र ठरलं तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८ हजार. पण ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेतल्या मुलाला तिला बसता येत नाही.

दुसरं, जवाहर नवोदय विद्यालय. सहावीपासून निवासी शिक्षण. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण ग्रामीण म्हणून अर्ज करायचा तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्याच शाळेत झालेली लागतात. ‘चांगली शाळा’ म्हणून चौथीत मूल शहरात ठेवलं की तो हक्क जातो.

आणि खाजगी शाळाच हवी असेल तर आधी शिक्षण हक्क कायद्याचा दरवाजा ठोठावा. २००९ च्या या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विनाअनुदानित शाळेला प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना यातून सूट आहे. दुर्बल घटकासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीनं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. पालक न्यायालयात गेले आणि १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. हा हक्क लोकांनी लढून राखला आहे, तेव्हा तो वापरलाच पाहिजे. मात्र एक ध्यानात ठेवा: हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी समोर येते.

पैसा कोणत्या वयात कामी येतो

समजा वर्षाचे २० हजार एका मुलासाठी बाजूला ठेवता येतात. ते दरवर्षी सात टक्के व्याजानं साठवले तर दहा वर्षांनी, दहावीच्या निकालाच्या वेळी, सुमारे पावणेतीन लाख रुपये हाताशी असतात. हे वय असं आहे की पैशाअभावी वाट खरोखर अडते. अकरावी-बारावी विज्ञान, डिप्लोमा, नर्सिंग, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरमधली खोली आणि मेस, प्रवेश परीक्षांची तयारी, हे सगळं दहावीनंतर येतं. पहिलीतल्या मुलाला ‘अ आ इ’ शिकायला पावणेतीन लाख लागत नाहीत. त्याला रोज अर्धा तास जवळ बसणारं माणूस लागतं.

मुलींच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. बारावीपर्यंत मुलगी टिकली तर पुढच्या फीचा मोठा भार राज्य उचलतं. ती टिकण्यासाठी घरात तेव्हा पैसा आणि धीर दोन्ही शिल्लक असायला हवेत.

इथेच एक बोचरी गोष्ट सांगायला हवी. हात आखडता असला की घरात निवड होते, आणि ती बहुधा एकाच बाजूला झुकते: मुलगा पिवळ्या गाडीतून, मुलगी पायी झेडपीत. खाजगी शाळांत मुलांचं प्रमाण मुलींपेक्षा जास्त असल्याचं पाहण्यांमधून वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. बहिणीला रोज सकाळी भावाची गाडी जाताना दिसते. ती काही बोलत नाही, पण आपली किंमत तिला कळलेली असते. दोघांनाही परवडत नसेल तर दोघंही एकाच शाळेत, हा नियम फीच्या कुठल्याही हिशेबाच्या आधी यावा.

गावाची शाळा पातळ कशी होते

एका घराचा निर्णय एका घरापुरता राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन, असं प्रमाण आहे. समजा पटावर ६५ मुलं आहेत. गाडी आली, दहा मुलं गेली, पट ५५ झाला. पट एका पायरीखाली घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं. तिघांचे दोघं होतात आणि पाच वर्ग दोघांत वाटले जातात. शिकवणं विस्कळीत होतं. ते बघून आणखी आठ घरं मुलं काढतात. दोष कुणा एकाचा नसतो, पण शेवटी शाळा उरते ती ज्यांना दुसरी वाटच नाही त्यांच्या मुलांपुरती.

हे चक्र उलटंही फिरतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातली जरेवाडीची झेडपी शाळा बघायला लोक लांबून येत आले आहेत. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीत दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी मिळून शाळा उभी केली. त्याच गुरुजींच्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या झेडपी शाळेला २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. या सगळ्या झेडपीच्या शाळा. पगार तोच, पुस्तकं बालभारतीचीच. फरक पडला तो शिक्षकानं जीव ओतल्यानं आणि गाव शाळेच्या पाठीशी उभं राहिल्यानं.

गावाला कायद्यानं अधिकारही दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही, हेही कायद्यातच आहे. समितीच्या बैठकीत खिचडीच्या तांदळाबरोबर ‘तिसरीतल्या किती मुलांना वाचता येतं?’ हा प्रश्न दर महिन्याला विचारला गेला तर त्याचा परिणाम कुठल्याही फीपेक्षा कमी नसतो.

घरातली गोणपाटाची परीक्षा

आता उगवण मोजण्याकडे येऊ. मूल झेडपीत असो की इंग्लिश स्कूलात, रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं काढा. बालभारतीचं दुसरीचं पुस्तक घ्या आणि तिसरीच्या पुढच्या मुलाला कुठलाही न वाचलेला उतारा वाचायला द्या. अडलेले शब्द बोटांवर मोजा. मग वाचलेलं त्याच्या शब्दांत सांगायला लावा. नंतर हातच्याची एक वजाबाकी आणि पाचवीच्या मुलाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला द्या. इंग्रजी माध्यम असेल तर इंग्रजी उतारा वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा. सांगता आला नाही तर मूल शिकत नाही, उतरवत आहे.

उत्तर चांगलं आलं तर शाळा बदलायचं कारण नाही, मग ती कुठलीही असो. वाईट आलं तरी लगेच शाळा बदलू नका. आधी पातळी ओळखून शिकवा. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’नं २००१ च्या सुमाराला हाच प्रयोग केला. माध्यमिक शाळा शिकलेल्या वस्तीतल्या तरुण मुलींनी, ज्यांना ‘बालसखी’ म्हणत, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून पायापासून शिकवलं. मुलं स्पष्टपणे पुढे सरकली. पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी या कामाचा अभ्यास केला होता. बारावी झालेली बहीण, मावशी, वहिनी आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. गल्लीतली आठ मुलं तिच्यापुढे बसवायला गाडीही लागत नाही.

मग फी कधी भरावी? गावच्या शाळेत वर्षानुवर्षं शिक्षकच नसेल आणि मागणी करूनही मिळत नसेल तर. मुलाची काही वेगळी गरज असेल आणि ती भागवणारी शाळा खरोखर जवळ असेल तर. रकमेसाठी कर्ज, गहाण किंवा आडत्याची उचल लागत नसेल, दहावीपर्यंतची वाढती फी झेपणार असेल आणि मुलगा-मुलगी दोघांना सारखं देता येणार असेल तर. भरलीच तर हक्कानं भरा: फी नियमनाच्या कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघात प्रत्येक पालकाला जागा आहे, देणगी मागणं गुन्हा आहे, आणि आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर फी थकली म्हणून शाळेला दाखला अडवता येत नाही.

कर्ज काढून पहिलीची फी भरू नका, हे माझं ठाम म्हणणं आहे. ते काटकसरीपोटी नाही. आपल्या मुलावर आई-बापांनी लावलेला प्रत्येक रुपया आणि प्रत्येक तास उगवून यावा, एवढीच त्यामागची कळकळ आहे. ओल्या गोणपाटावर शंभरातले किती दाणे फुटले हे जो माणूस बसून मोजतो, त्याला मुलाच्या वाचनातले अडलेले शब्दही मोजता येतात. येत्या रविवारी मोजा. फीचा निर्णय त्यानंतर घ्या.